दोन किल्ल्यांची तिजोरी

शाळेत सर्वांत मोठा गलका कुठे असतो, असे विचारले तर कुणीही पाचवीच्या वर्गाकडे बोट दाखवील. ज्यांनी शाळेत नोकरी केली आहे ते मात्र गालातल्या गालात हसतील आणि शिक्षकखोलीकडे पाहतील. मधली सुट्टी झालेली असते. टेबलावर तपासायच्या वह्यांचे गठ्ठे, कुणाचा अर्धा उघडलेला डबा, भिंतीवर वेळापत्रक, आणि या सगळ्यावर तरंगणारा एक आवाज. ‘माझा निकाल’, ‘माझी बॅच’, ‘माझ्या हाताखालून गेलेला पोरगा आज अमेरिकेत आहे’, ‘मी नसतो तर या शाळेचं काही खरं नव्हतं’. बाकीचे माना खाली घालून पोळीचा घास मोडत असतात. हा आवाज कुणाचा, हे शाळेप्रमाणे बदलते. कुठे गणिताचे सर असतात, कुठे इंग्रजीच्या मॅडम, कुठे खेळाचे शिक्षक. पण असा आवाज नसलेली शिक्षकखोली अजून तरी माझ्या ऐकिवात नाही.

आज या आवाजाविषयी लिहायचे आहे. वरवर पाहता विषय किरकोळ वाटेल. आढ्यतेखोर माणसे कुठे नसतात? कचेरीत असतात, नात्यागोत्यात असतात, सोसायटीच्या सभेत तर हमखास असतात. मग शाळेतल्या बढाईखोरांचीच एवढी चिंता कशाला? चिंता अशासाठी की इतरत्र बढाईची किंमत ऐकणाऱ्याच्या कानांना मोजावी लागते. शाळेत ती पुष्कळदा मुलांना मोजावी लागते.

मी मूळची बँकेतली. १९८२ साली कारकून म्हणून लागले आणि २०२० साली अधिकारी म्हणून निवृत्त झाले. कादंबऱ्या लिहिल्या त्या रविवारी आणि उरलेल्या रजांत. नोकरीआधी केलेले बी.एड. इतकी वर्षे कपाटात पडून होते. करोनानंतर शाळा पुन्हा भरू लागल्या तेव्हा तालुक्याच्या गावातल्या एका शाळेला कनिष्ठ महाविद्यालयासाठी पुस्तपालन व लेखाकर्म शिकवणारे कुणी मिळत नव्हते. तासिका तत्त्वावर तीन वर्षे मी ते काम केले. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. ज्याने कुठल्याही शाळेत नोकरी केली आहे, त्याला ती आपलीच शाळा वाटेल.

तिथे हायस्कूल आणि कनिष्ठ महाविद्यालय यांची शिक्षकखोली एकच होती. खिडकीजवळची खुर्ची गणिताच्या एका सरांची. ती त्यांना कुणी नेमून दिलेली नव्हती, पण ते रजेवर असले तरी तिच्यावर कुणी बसत नसे. सर दहावीला गणित शिकवत. चांगले शिकवत, हे आधीच सांगून टाकते, कारण बढाई मारणारा प्रत्येक जण पोकळच असतो, हा आपला एक सोयीस्कर गैरसमज आहे. सरांचे फळ्यावरचे अक्षर मोत्यासारखे होते, आणि भूमितीची आकृती ते हाताने काढत ती छापल्यासारखी येई. पण त्यांच्या बोलण्यात ‘आम्ही’ हा शब्द मी तीन वर्षांत एकदाही ऐकला नाही.

बँकेतही फुशारकी मारणारे पुष्कळ पाहिले. पण बँकेत संध्याकाळ होते. म्हणजे काय, ते जरा समजावून सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा शाखेत संगणक नव्हते. काउंटर बंद झाला की रोकड मोजायची, स्क्रोल जुळवायचा, डे-बुक लिहायचे, आणि जमा व नावे या दोन्ही बाजू पैशापर्यंत जुळल्या की मगच घरी जायचे. एका रुपयाचा फरक आला तरी सगळी व्हाउचरे पुन्हा उलटी-सुलटी करायची. ‘माझ्यासारखा कॅशियर जिल्ह्यात नाही’ असे सकाळी सांगणारा गृहस्थ संध्याकाळी शंभराची नोट कमी निघाली की मुकाट्याने टेबलाखाली वाकून शोधू लागे. दिवसभर कितीही वाऱ्यावर असला तरी संध्याकाळी त्याचे पाय जमिनीला लागत. त्यामुळे बँकेतल्या बढाईला एक मर्यादा होती.

शाळेत अशी संध्याकाळ होत नाही. शेवटची घंटा होते, मुले सुटतात, पण हिशेब लागत नाही. आज पस्तीस मिनिटांत जे शिकवले ते मुलाच्या डोक्यात जमा झाले की वाऱ्यावर गेले, हे त्या दिवशी कुणालाच कळत नाही. काही गोष्टी वर्षाअखेर कळतात, काही वीस वर्षांनी, आणि काही कधीच कळत नाहीत. मोजता न येणारे काम जिथे असते तिथे जो मोठ्याने सांगेल त्याचे खरे मानले जाते. म्हणून शिक्षकखोली ही बढाईसाठी फार सुपीक जमीन आहे.

आपल्या कामाबद्दलचा आपलाच अंदाज किती फुगलेला असतो, याचा एक मासला अमेरिकेतला आहे. १९७७ साली नेब्रास्का विद्यापीठातील अध्यापकांना विचारले गेले की, शिकवण्याच्या बाबतीत तुम्ही स्वतःला कुठे ठेवाल? ९४ टक्के अध्यापकांनी आपण सरासरीपेक्षा वरचे आहोत, असे उत्तर दिले. शंभरातले चौऱ्याण्णव सरासरीच्या वर! खिडकीजवळच्या खुर्चीतले आपले सर एकटे नाहीत. फरक इतकाच की बाकीचे मनात म्हणतात आणि ते डबा खाताना म्हणतात.

आता बढाईतली मूळ चूक कुठे आहे ते पाहू. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक अधिकाऱ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. एका किल्लीने तिजोरी उघडत नाही. दोघांनी मिळून यावे लागते. बँकेच्या भाषेत याला ‘जॉइंट कस्टडी’ म्हणतात. आतल्या रकमेची जबाबदारी दोघांची, आणि ती आपल्या एकट्याची आहे असे दोघांपैकी कुणालाच म्हणता येत नाही.

शाळेतले मूल ही अशीच तिजोरी आहे. किल्ल्या मात्र दोन नसून दहा-पंधरा असतात. दहावीला गणितात पंचाण्णव गुण मिळवणाऱ्या मुलीचे उदाहरण घ्या. शाब्दिक उदाहरण सोडवायला आधी ते वाचून समजावे लागते. ते वाचन तिला पहिली-दुसरीतल्या बाईंनी शिकवले. पाढे तिसरीत पक्के झाले. अपूर्णांक म्हणजे काय, हे पाचवीच्या बाईंनी भाकरीचे तुकडे करून दाखवले. उत्तरपत्रिका नीट मांडावी, हे आठवीत मराठीच्या सरांनी सांगून सांगून अंगवळणी पाडले. घरी आईने पहाटे उठवले ते वेगळेच. शेवटची किल्ली दहावीच्या सरांनी फिरवली आणि दार त्यांच्या हातात उघडले. दार आपल्या हातात उघडले म्हणजे आतला ऐवज आपला, असे त्यांना वाटू लागले. सगळी बढाई या एका गैरसमजावर उभी आहे.

इथपर्यंत हे सगळे हसण्यावारी नेता आले असते. पण या गैरसमजाचे पुढे काय होते ते पाहिले की हसू येत नाही.

राज्य मंडळाच्या परीक्षेला शाळेत न जाता खासगीरीत्या बसायचे असेल तर १७ नंबरचा अर्ज भरावा लागतो. ही सोय मोठी चांगली आहे. मध्येच शाळा सुटलेल्यांना, कामाधंद्याला लागलेल्यांना, लग्नामुळे शिक्षण थांबलेल्या मुलींना तिने पुन्हा परीक्षेच्या दारापर्यंत आणले. पण काही शाळांत तिचा भलताच उपयोग होतो. नववीतल्या कच्च्या मुलाच्या वडिलांना बोलावून सांगितले जाते, ‘याला सतरा नंबरने बसवा. इथं राहिला तर नापास होईल.’ वडील मान डोलावतात. मूल शाळेच्या यादीतून जाते. आणि जूनमध्ये फाटकावर फ्लेक्स लागतो: निकाल शंभर टक्के. त्या शंभरात जो नाही, त्याचा फोटो कुठेच लागत नाही.

आमच्या शाळेत असाच एक मुलगा होता. वडील वीटभट्टीवर, मुलगा शांत, गणितात फार कच्चा. सरांनी शिक्षकखोलीत जाहीर केले, ‘माझा निकाल आठ वर्षांत खाली आलेला नाही. या पोराला मी बसू देणार नाही.’ ‘माझा निकाल’ या दोन शब्दांत त्या मुलाचे वर्ष जाणार होते. त्याच्या वर्गशिक्षिका एरवी कधी कुणाला उलट न बोलणाऱ्या. त्या दिवशीही त्या भांडल्या नाहीत. आणखी दोन शिक्षकांना सोबत घेऊन त्यांनी मुख्याध्यापकांना एक साधे पत्र दिले: मुलाला शाळेतूनच बसवावे, शाळा सुटल्यावर आम्ही तिघे त्याला आळीपाळीने शिकवू, जबाबदारी आमची. पत्रावर तिघांच्या सह्या होत्या. लेखी पत्र समोर आल्यावर मुख्याध्यापकांना लेखी नकार देणे जड गेले. मुलगा शाळेतूनच बसला. गोष्टीतल्यासारखा तो काही चमकला नाही. बाकीचे विषय सुटले, गणित राहिले, ते त्याने जुलैच्या पुरवणी परीक्षेत काढले. त्या वर्षी फाटकावरच्या फ्लेक्सवर शंभर टक्के लिहिता आले नाही. सर महिनाभर वर्गशिक्षिकेशी बोलले नाहीत. यापलीकडे कुणाचे काही बिघडले नाही.

दुसरी किंमत तरुण शिक्षकांना मोजावी लागते. शिक्षणसेवक म्हणून लागलेली माणसे तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करतात. कायम होण्याची वाट पाहत असल्यामुळे ती कुणाला दुखवायला भितात. आमच्याकडे विज्ञानाच्या अशा एक तरुण मॅडम होत्या. संयुजा हा प्रकार आठवी-नववीच्या मुलांना किती छळतो, हे विज्ञान शिकवणारेच जाणोत. त्यांनी जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांतून कार्डे कापली. सोडियमच्या कार्डाला एक खाच, कॅल्शियमला दोन, आणि समोरच्या कार्डाला तितकेच दात. खाचेत दात बसला की संयुग तयार. मुले खेळता खेळता रेणुसूत्रे लिहायला लागली. पुढे शाळेच्या तपासणीसाठी अधिकारी आले तेव्हा सरांनी ती कार्डे टेबलावर पसरून सांगितले, ‘हा उपक्रम मी सुरू केला.’

त्या संध्याकाळी मॅडम माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, ‘मॅडम, बोलले तर मी भांडखोर, नाही बोलले तर मूर्ख. करायचं तरी काय?’

हा प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही. अशा सहकाऱ्यांबरोबर रोज सात तास काढणाऱ्या हजारो शिक्षकांचा तो आहे. मला जे सुचते ते इथे मांडते.

आधी हे पाहावे की, माणूस बढाई का मारतो आहे. काहींच्या अंगी खरोखर काही असते आणि त्याची दखल कुणी न घेतल्यामुळे ते स्वतःच दवंडी पिटत सुटतात. काहींच्या अंगी काहीच नसते आणि ते झाकायला आवाज लागतो. आणि काही नुसते घाबरलेले असतात. हा तिसरा प्रकार मराठी शाळांतून वाढतो आहे. पटसंख्येवर संचमान्यता ठरते, पट घसरला की तुकडी बंद होते, आणि तुकडी बंद झाली की कुणीतरी ‘अतिरिक्त’ ठरते. पन्नाशीच्या माणसाला दूरच्या शाळेत समायोजनाने जावे लागेल ही भीती लहान नाही. ‘माझ्यामुळे शाळेत मुले येतात’ असे तो पुनःपुन्हा सांगतो, तेव्हा खरे तर तो ‘मला काढू नका’ असे म्हणत असतो. हे लक्षात आले की आपला निम्मा राग निवतो. उरलेल्या निम्म्याचे काय करायचे ते पुढे सांगते.

पहिल्या प्रकारच्या माणसावर एक फार चांगला उपाय आहे. त्याच्या तासाला जाऊन बसावे. ‘सर, तुमचा प्रमेयाचा तास मला पाहायचाय. मागच्या बाकावर बसू का?’ हे उपरोधाने म्हणू नये, मनापासून म्हणावे. यातून दोनच गोष्टी होऊ शकतात. बोलण्यात तथ्य असेल तर आपल्याला काही शिकायला मिळते. नसेल तर पुढच्या वेळी आवाज आपोआप उतरतो, कारण आता एक साक्षीदार झालेला असतो. मी सरांच्या दोन तासांना बसले आणि फळ्याची मांडणी कशी करावी ते त्यांच्याकडून शिकले. वाणिज्याच्या वर्गात ताळेबंद मांडताना त्याचा मला रोज उपयोग झाला. तसे मी त्यांना सांगितले. त्या आठवड्यात त्यांनी माझ्यापुढे एकही बढाई मारली नाही. मिळायची ती शाबासकी मिळाली की मागावी लागत नाही.

पोकळ बढाईला मात्र श्रोता देऊ नये. आपण काय करतो? समोर हो ला हो करतो, आणि सर बाहेर गेले की त्यांची नक्कल करून हसतो. या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक आहेत. तोंडावरची दाद त्यांना वाढवते आणि पाठीमागचे हसणे आपल्याला लहान करते. त्यापेक्षा बोलणे मुलांवर आणावे. ‘ते राहू द्या सर, नववी ‘ब’मधला तो खिडकीपाशी बसणारा मुलगा आठ दिवस येत नाहीये, तुम्हाला काही माहीत आहे का?’ विशिष्ट मुलाचा विषय निघाला की ‘मी’ला फारशी जागा उरत नाही. शिवाय तो मुलगा का येत नाही, हेही कदाचित कळते.

बढाईला बढाईने उत्तर देणे तर टाळावेच. ‘तुमचे शंभर टक्के असतील, पण माझ्या इतिहासात’ अशी सुरुवात झाली की शिक्षकखोलीचा लिलाव होतो. बोली चढत जाते आणि माल कुणीच उचलत नाही.

श्रेय चोरले गेले असेल तर गप्प बसू नये. आपल्याकडे सोशिकपणाचे फार कौतुक आहे, विशेषतः बायकांच्या. पण बँकेत एक शिस्त शिकवली जाते: चूक दिसली की त्याच दिवशी दुरुस्ती करायची. शिळी चूक काढायला दुप्पट कष्ट पडतात. त्या तरुण मॅडमना मी हेच सांगितले, आणि शब्द त्यांनी स्वतःचे शोधले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, सगळे बसलेले असताना, त्या म्हणाल्या, ‘सर, काल तुम्ही संयुजेची कार्डं पाहुण्यांना दाखवलीत, बरं वाटलं. दिवाळीच्या सुट्टीत केली होती मी ती. आणखी दोन संच करतेय, तुमच्या वर्गासाठी एक देऊ का?’ सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘हो हो, द्या ना.’ आवाज चढला नाही, आरोप झाला नाही, आणि कार्डे कुणाची हे खोलीतल्या प्रत्येकाला कळले. त्यानंतर मॅडमनी टाचणवहीत तारखेसह उपक्रमाची नोंद केली आणि मुख्याध्यापकांची सही घेतली. कागदावर नसलेला व्यवहार झालाच नाही असे बँक मानते. शाळेनेही थोडेफार तसे मानायला हरकत नाही.

सर यामुळे बदलले का? नाही बदलले. पुढच्या महिन्यात त्यांनी आणखी कशाचे तरी श्रेय घेतलेच. पन्नाशीच्या माणसाचा स्वभाव आपण बदलू शकू, ही अपेक्षा हा देखील एक अहंकारच आहे. आपण फक्त एवढे करू शकतो की त्या स्वभावामुळे कुणाचे नुकसान होऊ द्यायचे नाही. तिथे रेघ ओढायची. सहकारी आपली स्तुती करतो, करू द्या. पण त्यासाठी एखाद्या मुलाचे वर्ष जात असेल, वर्गात मुलांसमोर दुसऱ्या शिक्षकाची टिंगल होत असेल, किंवा ‘माझ्याकडे या, मीच तारीन’ असे म्हणत शिकवणीचा धंदा चालत असेल, तर सहन करणे हा चांगुलपणा राहत नाही. शिक्षकाने खासगी शिकवणी घेऊ नये असे तर बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातच लिहिलेले आहे, कलम २८ मध्ये. अशा वेळी एकट्याने भांडू नये. दोघा-तिघांनी मिळून, लेखी आणि मुद्द्यापुरते बोलावे, त्या वर्गशिक्षिकेने केले तसे.

मुद्द्यापुरते भांडण कसे असते, याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी, वामन शिवराम आपटे अशी माणसे एका शाळेत! एकेकाची बुद्धी आणि मानीपणा असा की त्या शिक्षकखोलीत बसायचे म्हणजे आपल्यासारख्यांची छाती दडपावी. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज, आणि १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. स्वभावांची टक्कर त्यात नव्हती असे कोण म्हणेल? पण कागदावर जो वाद झाला तो, आजीव सभासदाने बाहेरची कामे आणि बाहेरची मिळकत घ्यावी की आपला सारा वेळ संस्थेलाच द्यावा, या तत्त्वाचा होता. कुणाचा विद्यार्थी कुणी घडवला, यावर ती माणसे भांडत बसली नाहीत. टिळकांनी राजीनाम्याची कारणे सविस्तर लिहून दिली. संस्था टिकली, आजही आहे. मोठ्या माणसांचे अहंकारही मोठे असतात, पण भांडण तत्त्वाचे आणि लेखी असले तर शाळा त्यातून वाचते.

आता दुसरी बाजू. बढाईखोरांना नावे ठेवताना आपण मुक्या माणसांना उगाच देव्हाऱ्यात बसवतो. चांगले काम करून गप्प राहणे हा दर वेळी विनय असतोच असे नाही. कधी तो संकोच असतो, कधी आळस, तर कधी ‘यांना काय कळणार’ अशी छुपी आढ्यताही असते. शिवाय काळही बदलला आहे. राष्ट्रीय शिक्षक पुरस्काराची पद्धत २०१८ साली बदलली आणि शिक्षकाने स्वतःच आपली माहिती ऑनलाइन भरून अर्ज करावा असे ठरले. आपले काम आपणच सांगायचे, हे आता सरकारी रीतीतच बसले आहे. मग सांगणे आणि मिरवणे यांत फरक कसा करायचा?

मी एक साधी कसोटी वापरते. बोलणे ऐकून झाल्यावर उद्याच्या तासाला वापरता येईल असे माझ्या हाती काही आले का? ‘माझ्या वर्गात एकही मूल संयुजेत चुकत नाही’ ही बढाई झाली. ‘पुठ्ठ्याला खाचा पाडून पाहा, मुलांना पटकन कळतं’ हे सांगणे झाले. पहिल्यातून ऐकणाऱ्याला फक्त स्वतःचे उणेपण कळते. दुसऱ्यातून तीस मुलांचा एक तास सोपा होतो. असे सांगणाऱ्यांना शाळेने व्यासपीठ द्यावे. महिन्यातून एक शनिवार अर्धा तास पुरे: प्रत्येकाने एक युक्ती सांगायची आणि एक अडचण सांगायची. अडचण सांगायची अट महत्त्वाची आहे. अडचण सांगताना बढाई मारणे फार अवघड जाते.

खरे काम मुख्याध्यापकांचे आणि संस्थाचालकांचे आहे. बँकेत एका टेबलावर एकाच माणसाला वर्षानुवर्षे ठेवत नाहीत. जोखमीच्या जागेवरच्या माणसाला वर्षातून काही दिवस सक्तीने रजेवर पाठवण्याचाही नियम आहे. हेतू हा की काम माणसावाचून चालते का, ते कळावे, आणि काही झाकलेले असेल तर उघडे पडावे. शाळेत मात्र दहावीचे वर्ग वतनासारखे वर्षानुवर्षे एकाच घराण्यात राहतात. दर दोन-तीन वर्षांनी दहावीच्या सरांना पाचवीवर आणि पाचवीच्या बाईंना वर पाठवून पाहावे. पाचवीतल्या साठ मुलांना भागाकार शिकवताना घाम फुटला की पुष्कळ ‘मी’ विरघळतात. आणि निकालाचा फ्लेक्स लावायचाच असेल, तर त्यावर त्या तुकडीला पाचवीपासून शिकवलेल्या सगळ्या शिक्षकांची नावे असावीत. खर्च तेवढाच येतो.

शेवटी थोडे तुमच्या-आमच्या घराकडे. शिक्षकखोलीतल्या त्या आवाजाला बळ कोण देते? आपणच देतो. मुलाला शाळेत घालताना पहिला प्रश्न ‘दहावीला कोणते सर आहेत?’ हा असतो. निकाल लागला की पेढ्यांचा पुडा घेऊन आपण दहावीच्या सरांकडे जातो, क्लासवाल्यांकडे जातो. गुणवत्ता यादी बंद होऊन बरीच वर्षे झाली, पण आपल्या मनातली यादी काही बंद झालेली नाही. ज्या बाईंनी आपल्या मुलाचे बोट धरून ‘ग’ गिरवून घेतला त्या आज कुठे असतात, हे किती घरांत ठाऊक आहे?

आमच्या शाळेच्या आवारात प्राथमिक विभाग होता. तिथल्या दुसरीच्या बाई माझ्या तिसऱ्या वर्षी निवृत्त झाल्या. बत्तीस वर्षे त्यांनी दुसरीच शिकवली होती. निरोप समारंभात बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी स्वतःविषयी एवढेच सांगितले की, जोडाक्षरे शिकवताना हल्ली मुलांना चार दिवस जास्त लागतात, पुढे जे कुणी येईल त्यांनी तेवढे वेळापत्रकात धरावे. मग त्यांनी हातातली वही नव्या बाईंना दिली. कुठल्या जोडाक्षराला मुले अडखळतात, याची बत्तीस वर्षांची टिपणे त्या वहीत होती.

यंदा निकालाच्या दिवशी पेढ्यांचा एक पुडा जास्त आणावा. दुसरीच्या बाईंचे घर शोधायला फार तर अर्धा तास लागेल. आणि तिथे जाताना मुलालाही बरोबर न्यावे.